उष्टी नान

पाळण्याच्या समारंभाला कोणी लढाईचा विषय काढत नाही. तसा नियम कुठे लिहून ठेवलेला नाही. पण चाळीस दिवसांच्या बाळाला पहिल्यांदा पाळण्यात घालायचं, त्या दिवशी घरात वाईट शब्द उच्चारू नये, एवढं कोशतेपा गावात लहान पोरालाही कळत होतं. त्या दिवशी मात्र नोरबीबीच्या अंगणात दुसरा विषयच नव्हता.

कढईभोवती गाजरं चिरायला बसलेल्या पुरुषांनीच सुरुवात केली.

"आमच्या न्हाव्याकडे पक्की बातमी आहे. राखीव शिपाई बोलावतायत. पस्तिशीच्या आतले सगळे."

"तुझा न्हावी गेल्या वर्षी भूकंप होणार म्हणत होता."

"तेरमेझच्या बेकरीत भट्ट्या विझवू नका म्हणून हुकूम आलाय. इतकी नान खाणार कोण? नदीतले मासे?"

"आणि आपल्या शेतावरचे ट्रक? दुरुस्तीला म्हणून घेऊन गेले. चांगले चालू होते ते नेले, मोडका होता तो ठेवला. अशी दुरुस्ती मी बापजन्मात पाहिली नाही."

"नदीपलीकडच्या देशाची बोली येते त्याला आधी घेणार, असं ऐकलं."

"मग मी सुटलो. मला अजून माझ्या बायकोचीच बोली कळत नाही."

सगळे हसले. नोरबीबी चहाची किटली घेऊन मागे उभी होती, तीही हसली. पण हसता हसता तिची नजर अंगणाच्या टोकाला गेली. तिथे बेर्दियोर, तिचा एकुलता एक मुलगा, कापसाच्या काड्यांचा भारा चुलीकडे ओढत होता. सव्वीस वर्षांचा. फौजेतली सक्तीची दोन वर्षं रणगाड्यावर काढून आला होता; आता सामुदायिक शेतावर ट्रॅक्टर चालवायचा. नाव राखीव शिपायांत. आज त्याच्या मुलाचा पाळणा होता आणि त्याने नवी टोपी घातली होती. ती त्याला किंचित मोठी होत होती, सारखी कपाळावर येत होती.

सैपाकघराच्या दारात ओयतोशने नोरबीबीचा दंड धरला. ओयतोश म्हणजे तिची नणंद, दूर बोयसूनच्या डोंगराकडे दिलेली. बोलायला तिखट, आणि मदतीलाही सगळ्यांच्या आधी.

"वहिनी, ऐक. आमच्या घरातले आज ट्रक घेऊन आलेत. जेवणं झाली की पेंढा भरून वर निघणार. बेर्दीला पेंढ्यात बसव. आमच्या मेंढवाड्यावर दोन माणसं कमीच आहेत. एकदा बर्फ पडलं की वसंतापर्यंत तिकडे ना टपाल येतं, ना पोलीस."

"पळून जाऊ दे म्हणतेस?"

"मेंढ्या राखायला जाऊ दे म्हणते. मेंढ्या राखणं गुन्हा कधीपासून झाला?"

नोरबीबीने ओढणीचं टोक दातात धरलं. "भाऊजी येऊ देत. त्यांना विचारते, मग बघू."

ओयतोशने कपाळाला हात लावला. "झालं! तुझं लग्न झाल्यापासून हेच ऐकतेय मी. भाऊजींना विचारते."

खरंच होतं ते. थोरले दीर हमराकुल दोन घरं पलीकडे राहायचे, पण नोकरीला जिल्ह्याच्या कचेरीत होते, पक्षाचे जुने सभासद. नोरबीबीचा नवरा गेला त्या हिवाळ्यात घरावर नवे पत्रे त्यांनी माणसं लावून घातले, बेर्दीला ट्रॅक्टरवर त्यांनी चिकटवलं, त्याच्यासाठी चमनचं स्थळ त्यांनी आणलं. विधवेच्या घराला दार असतं, कडी नसते, असं म्हणतात. नोरबीबीच्या घराची कडी म्हणजे भाऊजी. ते म्हणतील ते खरं. ते म्हणाले अफवा, तर अफवा. आणि तिला मनापासून हवं होतं की त्यांनी अफवा म्हणावं.

ते आले दुपारच्या नमाजाच्या सुमारास. स्वतः ते नमाज पढत नसत, पण येण्याच्या वेळा मात्र त्याच असायच्या. काळा ओव्हरकोट, डोक्यावर कोकराच्या कातड्याची टोपी. मागे सओदत, थोरली जाऊ, हातात भलंमोठं गाठोडं. सओदतचा चेहरा सुजल्यासारखा दिसत होता. सर्दी झालीय, ती म्हणाली. नोरबीबीने गाठोडं घेऊन आतल्या खोलीत इतर गाठोड्यांशेजारी ठेवलं आणि पाहुण्यांच्या खोलीत चहा नेला.

हमराकुल दारासमोरच्या मानाच्या जागी बसले. कढईपाशी बोलणारी माणसं आत आली होती आणि एकदम पिकांवर बोलू लागली होती.

ओयतोश मात्र बायकांच्या खोलीतून उठून उंबऱ्यात येऊन टेकली. "दादा, आमचा एल्दोर दिसत नाही?"

"ताश्कंदला आहे. लेखापालांच्या वर्गाला."

"डिसेंबरात? वर्ग तर कापूस वेचणीच्या आधीच आटोपतात ना?"

"यंदा उशिरा सुरू झाले."

"चांगलं आहे." ओयतोशने पियाल्यातला चहा फिरवला. "बाप जिल्ह्यात असला की पोरगा ताश्कंदला शिकतो. आणि बाप मातीत असला की पोरगा..."

"ओयतोश!" तिचा नवरा दबक्या आवाजात म्हणाला.

"मी कुठे काय म्हटलं? थंडी आहे एवढंच म्हणते."

हमराकुल रागावले नाहीत, हे नोरबीबीच्या लक्षात आलं. एरवी त्यांनी बहिणीला एका शब्दात गप्प केलं असतं. त्यांनी फक्त पियाला खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, सभेत बोलावं तसं म्हणाले, "बाजारात काय चाललंय ते मला माहीत आहे. सराव आहे. दर काही वर्षांनी राखीव शिपायांचा सराव होतो. तीस-चाळीस माणसांना बोलावतील, चार दिवस पळवतील, परत पाठवतील. यापलीकडे जो बोलेल तो अफवा पसरवतो, आणि अफवेला कायदा आहे."

"चार दिवस?" नोरबीबीने विचारलं. तिला वाटलं होतं मनातल्या मनात विचारलं. पण सगळे तिच्याकडे बघत होते.

"नव्या वर्षाच्या आत घरी," हमराकुल म्हणाले. तिच्याकडे न बघता.

पण ते तिला तेव्हा दिसलं नाही. माणसाला जे ऐकायचं असतं ते ऐकताना तो बोलणाऱ्याचे डोळे कशाला बघेल? तिच्या छातीवरचा दगड उतरला. ती सैपाकघरात गेली आणि ओयतोशला म्हणाली, "ट्रकात नुसता पेंढाच भर. भाऊजी सराव म्हणाले."

"आणि तू ऐकलंस."

"त्यांनी मला कधी फसवलं नाही."

"कारण आजवर कधी गरज पडली नाही त्यांना!"

चमनने बाळाला हातावर घेतलं होतं, पाळणा रंगीत कापडांनी झाकून झाला होता, बायकांनी मुठीत सुकी जर्दाळू न्‌ खडीसाखर उधळायला घेतली होती, तेवढ्यात फाटकाशी जोरा आला. हा गावसभेचा माणूस. निरोप पोचवणं हेच त्याचं काम. एरवी पलोवच्या, त्या गाजर-मांसाच्या भाताच्या, वासावर तीन घरांवरून यायचा आणि बसल्याशिवाय जायचा नाही. आज त्याने चहालाही नकार दिला. तिथेच नोरबीबीला कळायला हवं होतं.

"बेर्दियोर, उद्या सकाळी शाळेच्या पटांगणात. चमचा, मग, गरम मोजे घेऊन. सराव आहे."

जर्दाळू मुठीतच राहिली.

"कागद?" बेर्दीने विचारलं.

"सरावाला कागद नसतो."

"मला परवा ट्रॅक्टरचा टायर बदलायचा होता तेव्हा तू तीन ठिकाणी सह्या घेतल्यास. आणि माणूस न्यायला कागद नाही?"

"मला वरून सांगितलं, मी खाली सांगितलं. मी म्हणजे नळ, बेर्दी. पाण्याचं मला विचारू नकोस."

"किती दिवस?" नोरबीबी म्हणाली. "चार ना?"

जोराने टोपी काढून पुन्हा घातली. "दिवसांचं काही सांगितलं नाही, काकू. आणि हां, एक राहिलं." तो खाकरला. "उद्या पटांगणात गर्दी नको. रडारड नको. आणि नान-बिन चाववायची नाही. हे खास सांगितलंय. निरोप समारंभ नाही हा. सराव आहे."

तो गेला. कुणीतरी बाळाच्या नाकाबद्दल काहीतरी बोललं, आणि उरलेली जर्दाळू कशीबशी उधळली गेली.

नोरबीबी मात्र फाटकाशीच उभी राहिली. जोराचं शेवटचं वाक्य तिच्या कानात कुसळासारखं अडकलं होतं. नान चाववायची नाही. अरे, पण नान चाववायचं म्हणालं होतं कोण? तिच्या मनातही आलं नव्हतं. दूरदेशी, फौजेत, लढाईवर जाणाऱ्या मुलाला आई ताजी नान देते. तो एक घास चावतो, गिळतो, आणि ती उष्टी नान आई भिंतीला टांगून ठेवते. उरलेली खायला त्याने परत यायचं. त्याचा घास राहिलेला असतो, म्हणून त्याला यावंच लागतं. चार दिवस पळायला जाणाऱ्याला कोण नान चाववतं? बाजारात जाताना कुणी चावतो का? ज्याने ही गोष्ट मना केली त्याला ठाऊक होतं की ही मुलं कुठे चालली आहेत. आईच्या आधी त्याला ठाऊक होतं.

तिने फाटक ओढून घेतलं.

"आई," चमन मागून म्हणाली, "पलोव उतरवलाय. नान मांडायची आहे."

आतल्या खोलीत ओयतोश गाठोडी सोडत बसली होती. पाहुण्यांनी आणलेल्या नान दस्तरखानावर मांडायच्या, रिकाम्या गाठोड्यात दुसरं काही घालून परत करायचं, ही रीत. थोरल्या जावेच्या गाठोड्यातून चांगल्या जाडजूड, मध्ये ठसा उमटवलेल्या नान निघाल्या. जोड्या लावता लावता ओयतोश थांबली.

"ही एक सुटी कशी? नान तर जोडीने देतात. जिल्ह्याच्या लोकांना मोजता येत नाही की काय?"

ती सुटी नान वेगळ्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली होती, चारही टोकांना गाठ. ओयतोशने गाठ सोडली.

नान दोनेक दिवसांची असावी. एका कडेला चंद्रकोरीएवढा तुकडा नव्हता, आणि तिथे दात उमटलेले होते.



नोरबीबी या घरात नवरी म्हणून आली तेव्हा सासूच्या खोलीत भिंतीवर एक काळी, दगडासारखी वस्तू टांगलेली होती. तिने विचारलं होतं, हे काय? सासूने सांगितलं होतं, हा शोदमोन. सर्वांत थोरला मुलगा, बेचाळीस साली लढाईला गेलेला. त्याच्या मरणाचा कागद कधी आला नाही, तोही आला नाही. म्हातारी दर शुक्रवारी मऊ फडक्याने ती नान पुसायची, आणि हमराकुल शेजारी उभे राहून खिळा हलत नाही ना ते बघायचे. ती गेली तेव्हा हमराकुलनीच ती नान खिळ्यावरून काढून आईच्या कफनात ठेवली होती. पक्षाच्या माणसाने. ते पाहून नोरबीबीच्या मनात दिराबद्दल जो आदर बसला तो आजवर हलला नव्हता.

तिने नान फडक्यासकट उचलली.

"वहिनी, थांब. तिथे पुरुष बसलेत."

"बसू देत."

ती पाहुण्यांच्या खोलीत गेली. आयुष्यात पहिल्यांदा ती थोरल्या दिरासमोर ओढणी न सावरता उभी राहिली. पलोवचं ताट नुकतंच मध्ये आलं होतं. तिने नान हमराकुलच्या पुढ्यात ठेवली, दात वर येतील अशी.

"भाऊजी, ही चुकून आमच्याकडे आली. कोणाची आहे?"

हमराकुल बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग असा उतरला की शेजारच्याने त्यांचा खांदा धरला. तेवढ्यात बायकांच्या खोलीतून सओदत धावत आली आणि नान दोन्ही हातांनी छातीशी धरून खालीच बसली.

"पोरीने बांधलं गाठोडं... मी पेटीत लपवली होती... तिला काय ठाऊक! भिंतीवर असती तर कोणी हात लावला असता का? यांनी भिंतीवर लावू दिली नाही, म्हणून माझ्या लेकराची नान पाहुणचाराला आली!"

"सओदत, हळू," हमराकुल म्हणाले.

"किती हळू? तीन दिवस हळूच बोलतेय. उशीत तोंड घालून रडतेय. एल्दोर ताश्कंदला नाही. परवा पहाटे नेलाय. तुमच्या सगळ्यांच्या आधी. आणि हे म्हणतात कोणाला सांगायचं नाही, सराव आहे. सरावाला जाणाऱ्याची नान पेटीत लपवतात का हो? सांगा ना, लपवतात का?"

ओयतोश उंबऱ्यात उभी होती. तिने तोंडावर हात ठेवला. मघाशी बोललेलं परत गिळता येत नाही. ती हळूच आत आली आणि सओदतच्या पाठीवर हात ठेवून बसली.

"मला लिहून द्यावं लागलं," हमराकुल म्हणाले. त्यांचा सभेतला आवाज कुठेतरी गळून पडला होता. "तोंड उघडणार नाही म्हणून. एल्दोरचं नाव मी वगळू शकलो असतो. नाही वगळलं. वगळलं असतं तर उद्या तुम्ही मला काय म्हणाला असता?"

"आम्ही म्हटलंच," ओयतोश पुटपुटली.

"कुठे नेतात?" बेर्दीने दारातून विचारलं. त्याच्या कडेवर बाळ होतं.

हमराकुलनी दक्षिणेकडच्या खिडकीकडे बघितलं. खिडकीबाहेर सुना कापसाचा मळा, त्यापलीकडे सडक, आणि सडक जिथे संपते तिथे नदी, देशाची हद्द. त्या खोलीतल्या निम्म्या माणसांचे आजे-पणजे त्या नदीपलीकडून आले होते.

"भाऊजी," नोरबीबी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच सगळे ऐकत होते. "तुम्ही मला लढाई म्हणाला असतात तर मी रडले असते. छाती पिटली असती. मग गरम मोजे विणत बसले असते. आमच्या घरातून लढाईला माणूस गेला नाही असं नाही. पण माझ्या अंगणात बसून, माझा चहा पिऊन, तुम्ही मला चार दिवस म्हणालात! मी आनंदाने सैपाकघरात गेले. ओयतोशशी भांडले तुमच्यासाठी. तुम्ही मला बावळट केलंत, भाऊजी. माझा मुलगा मागता तर मागा. मला बावळट का करता?"

"मला दुसरं काही म्हणायची परवानगी नव्हती."

"मग गप्प बसायचं होतं. गप्प बसायला तरी परवानगी होती ना?"



पलोव निवत होता, कुणी हात घालत नव्हतं. ओयतोशचा नवरा, जो दिवसभरात चार शब्द बोलला नव्हता, उठला आणि म्हणाला, "मी ट्रक सुरू करतो. बेर्दी, येतोस?"

हाच तो क्षण. नोरबीबीने मुलाकडे बघितलं. हो म्हण, ती मनात म्हणत होती. भाऊजींना विचारायचं आता काही उरलं नव्हतं.

बेर्दीने बाळ चमनच्या हातात दिलं. चमन त्याच्या तोंडाकडे बघत होती आणि बाळाला अगदी हळू झुलवत होती, बहुधा तिला स्वतःलाही कळत नव्हतं.

"मोठे काका, मी गेलो नाही तर?"

"आकडा भरायचा असतो. पुढच्या घरचा घेतील," हमराकुल म्हणाले. "आणि तुझ्यामागे जन्मभर लागतील. ते मी थांबवू शकणार नाही."

"पुढचं घर म्हणजे सलोम. तीन पोरी आहेत त्याला, आणि बंदूक धरायची म्हटली तरी उलटी धरेल." बेर्दीने टोपी मागे सारली. "आणि एल्दोर तिथे आहेच. लहानपणी झाडावर तो चढायचा आणि मार मी खायचो. या वेळी तरी बरोबर खाऊ. तुम्ही निघा, आतोबा. बर्फाआधी घाट ओलांडा."

नोरबीबीला ओरडावंसं वाटलं. तिने सगळ्यांसमोर मुलाला थोबाडीत मारायची तेवढी बाकी ठेवली. पण त्याच्या आवाजात तिला स्वतःच्या नवऱ्याचा आवाज ऐकू आला, आणि त्या आवाजापुढे तिचं कधीच काही चाललं नव्हतं. ट्रक गेला. पेंढ्याच्या काड्या फाटकापासून सडकेपर्यंत पडत गेल्या.

सकाळी तिने तंदूर पेटवला. चमनने पीठ मळलं. नान भिंतीवर थापताना नोरबीबीने कोपरापर्यंत हात आत घातला आणि चटका बसला तरी काढला नाही.

शाळेच्या पटांगणात तिला वाटलं होतं आपण एकट्याच असू. जोराने घरोघर तेच सांगितलं होतं: गर्दी नको, नान नको. पण भिंतीच्या कडेने बायका उभ्या होत्या, आणि प्रत्येकीचा एक हात शालीखाली होता. कोणी कोणाशी ठरवलं नव्हतं. फक्त थंड हवेत ताज्या नानचा वास इतका दाटला होता की कोणालाच काही लपवता येत नव्हतं.

ट्रक आपल्याच शेतावरचे होते, दुरुस्तीला गेलेले. नंबर तेवढे रंगाने झाकले होते. बेर्दी ते बघून स्वतःशीच हसला. ट्रकपाशी एक तरुण अधिकारी होता, परमुलखातला. थंडीने त्याचे कान लाल झाले होते आणि त्याला गावची भाषा येत नव्हती. त्याच्या शेजारी दुभाष्या म्हणून काळ्या ओव्हरकोटातले हमराकुल. आदल्या दिवसापासून त्यांनी दाढी केलेली नव्हती.

नावं पुकारली जाऊ लागली. बेर्दीचं नाव आलं तसा तो पुढे झाला, आणि नोरबीबी त्याच्यामागून ओळ सोडून थेट ट्रकपाशी गेली. तिने शाल बाजूला केली.

"चाव," ती म्हणाली.

"आई, मना केलंय."

"मला कोणी मना केलं? मला सरावाचं सांगितलं. चाव म्हणते ना!"

बेर्दीने चावली. नान इतकी गरम होती की त्याला तोंड उघडून फू फू करावं लागलं, लहानपणी करायचा तसं. ते बघून मागच्या बायकांमध्ये काहीतरी सुटलं. सगळ्या पुढे आल्या. शाली बाजूला झाल्या. "चाव रे." "मोठा घास घे." "गिळ आधी, मग बोल." शिस्तीतली ओळ मोडून पटांगणभर माणसं उभ्या उभ्या नान चावत होती.

अधिकारी गोंधळला. तो हमराकुलकडे वळून रशियनमध्ये काहीतरी जोरात बोलला. शब्द नोरबीबीला कळले नाहीत, पण आविर्भाव कळला: हे काय चाललंय? थांबवा हे.

सगळ्यांनी हमराकुलकडे बघितलं. सओदत भिंतीशी उभी होती, तिनेही. त्यांनी ओव्हरकोटाची गुंडी लावली, काढली, पुन्हा लावली. मग ते अधिकाऱ्याला शांतपणे एकच वाक्य बोलले. अधिकाऱ्याने बायकांकडे पाहिलं, खांदे उडवले, आणि जरा ओशाळून मान डोलावली.

"काय सांगितलंत?" नोरबीबीने विचारलं.

"नाश्ता देतायत म्हटलं," हमराकुल म्हणाले.

नोरबीबीने आयुष्यभर त्यांचा शब्द मानला होता. कालपासून तिने ठरवलं होतं की आता एकही मानायचा नाही. पण हे खोटं आपल्या बाजूचं होतं. तिने मान खाली घातली.

अधिकारी तिच्यापाशी आला. चेहरा वाईट नव्हता; पोरगेलाच होता, त्याचीही आई कुठेतरी असणार. त्याने तिच्या हातातल्या उष्ट्या नानकडे बोट दाखवून काही विचारलं.

"विचारतोय, उरलेली का नाही खात तो," हमराकुल म्हणाले. "सराव आहे, घाई नाही म्हणतो."

"सराव आहे ना?" नोरबीबी थेट त्या पोराच्या डोळ्यांत बघून म्हणाली. "मग सांगा त्याला. माझा मुलगा परत येऊन खाईल. शिळी व्हायच्या आत."

हमराकुलनी यातला एकही शब्द बदलला नाही. नोरबीबीला ते कळलं, कारण अधिकाऱ्याने मान फिरवली आणि मग ट्रक निघेपर्यंत पुन्हा तिच्याकडे बघितलं नाही.

घरी आल्यावर चमनने आतल्या खोलीची भिंत पुसायला घेतली. नोरबीबी म्हणाली, "तिथे नको." तिने पेटीतून खिळा काढला आणि तो फाटकाच्या बाहेरच्या अंगाला ठोकला, सडकेकडे तोंड करून, जिथून नदीकडे जाणारी प्रत्येक गाडी जाते. नान फडक्यात गुंडाळली नाही. दात दिसायला हवे होते.

ती परत फिरणार तोच दोन घरं पलीकडून हातोडीचा आवाज येऊ लागला. ठक. थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा ठक, आणि सओदतचा आवाज, वाकडा गेला, काढा तो, पुन्हा ठोका.

एक खिळा ठोकायला इतका वेळ लागत नाही. पण भाऊजींनी आजवर दुसऱ्याने ठोकलेले खिळेच तेवढे बघितले होते. नोरबीबी आपला हातोडा घेऊन फाटकाशी उभी राहिली, जाऊन त्यांना मदत करावी की नाही याचा विचार करत. मग तिने ठरवलं, नको. त्यांचा त्यांना ठोकू दे.